आमचे दात आणि आमचे ताट

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही आमच्या भाषेतील जुनी म्हण होय. तरुणपणी दात बळकट असतात पण गाठीस पैसा नसतो, आणि उतारवयात पैसा जमतो तेव्हा दात गेलेले असतात, असा दैवाचा उफराटा न्याय ह्या म्हणीत सांगितला आहे. ती रूढ झाली तेव्हा दात जाणे हे म्हातारपणाचे लक्षण समजले जात असे. आज ह्या म्हणीचा आधारच सुटत चालला आहे. कोणत्याही प्राथमिक शाळेत जाऊन पहिली-दुसरीतील मुलांस तोंड उघडावयास सांगावे. काळवंडलेली व पोखरलेली दाढ शोधण्यास फार वेळ लागणार नाही. २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय मुखारोग्य पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांस दंतक्षय झाल्याचे आढळले. बाराव्या वर्षी दुधाचे बहुतेक दात जाऊन कायमचे आलेले असतात. म्हणजे जे दात जन्मभर पुरावयाचे, ते उगवल्यापासून पाच-सहा वर्षांच्या आतच किडू लागतात. चणेही नाहीत आणि दातही नाहीत, अशी ही नवी अवस्था आहे; आणि ती दैवाने आणलेली नसून आम्ही आपल्या हातांनी, तीही बहुधा लाडाच्या भरात, आणलेली आहे.

दात म्हटले म्हणजे आमच्या लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो घासण्याचा. हा विचार वाईट नाही. अष्टांगहृदयासारख्या वैद्यकग्रंथाने दिनचर्येत दंतधावनास स्थान देऊन खैर, करंज, वड इत्यादी झाडांच्या काड्या सांगितल्या. खेड्यातील शेतकरी कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावतो. शहरातील गृहस्थ ब्रश आणि पेस्ट वापरतो. फ्लुओराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासल्यास कीड पुष्कळ कमी होते, हे शास्त्राने निर्विवाद ठरविले आहे, आणि त्यास आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. आमची तक्रार एवढीच की, ह्या एका विचाराने दुसऱ्या विचारास घराबाहेर घालविले आहे. पेस्ट कोणती घ्यावी, तिच्यात मीठ असावे की लवंग, यावर घरोघर चर्चा होते. पण त्या दातांनी दिवसभर काय चावले, कितीदा चावले, आणि ते दात व त्या हिरड्या ज्या अन्नातून घडल्या त्यात काय होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, दातांचा प्रश्न हा प्रथम ताटाचा प्रश्न आहे. आणि ताटाचा प्रश्न म्हटला म्हणजे तो एकट्या वैद्यकाचा राहत नाही. तो घरातील रूढींचा, स्त्रियांच्या स्थितीचा आणि सरकारच्या धोरणाचा होतो.

दात किडतो म्हणजे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. दातात किडा शिरतो व तो दात पोखरतो, ही समजूत आमच्याकडे अजून पुरती गेलेली नाही; आणि असा किडा काढून दाखविण्याच्या मिषाने अडाण्यांस नाडणाऱ्या भोंदूंचे पोट ह्याच समजुतीवर भरत आले आहे. डब्ल्यू. डी. मिलर ह्या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने बर्लिन येथे संशोधन केले व १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात, आणि हे आम्ल दातावरचे कठीण कवच विरघळविते. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, १९४० च्या दशकात, रॉबर्ट स्टीफन याने दातांवर साचणाऱ्या थरातील आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच काही मिनिटांत तेथील आम्लता इतकी वाढते की दातातील चुना विरघळू लागतो, आणि ती पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. ह्या अवधीत लाळ आम्ल धुऊन काढते आणि विरघळलेला चुना पुन्हा दातात बसविण्याचे काम हाती घेते. लाळ ही निसर्गाने प्रत्येकास फुकट दिलेली गवंडी होय. परंतु भिंतीची डागडुजी करण्यास गवंड्यास उसंत मिळावी लागते.

ह्या एका गोष्टीतून व्यवहाराचा मोठा नियम निघतो. साखर किती खाल्ली याइतकेच, ती कितीदा खाल्ली यासही महत्त्व आहे. जेवणाच्या ताटात वाढलेला लाडू दातांवर एकदा हल्ला करतो व जेवणाबरोबर तो हल्ला संपतो. तोच लाडू मोडमोडून दिवसातून पाच वेळा तोंडात टाकला तर हल्ले पाच होतात. याची साक्ष एका दुःखद प्रयोगाने दिली आहे. स्वीडनमधील व्हिपेहोम येथील संस्थेत बौद्धिक दुर्बलता असलेली माणसे ठेवली जात. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्यावर, त्यांची संमती न घेता, आहाराचे प्रयोग करण्यात आले, व त्यांचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर दिली त्यांच्या दातांस थोडी हानी पोहोचली. जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी दिली त्यांचे दात झपाट्याने किडले. असहाय माणसांस असे वापरणे हा अन्याय होता, यात संशय नाही. परंतु ज्यांच्या दातांची किंमत देऊन हे ज्ञान मिळाले, त्यांचे ते ज्ञान आपण वाया घालविले तर तो दुसरा अन्याय होईल. महायुद्धाच्या काळात नॉर्वे, जपान इत्यादी देशांत साखर दुर्मिळ झाली तेव्हा तेथील मुलांतील दंतक्षय घटला, आणि साखर परत आली तेव्हा तोही परत आला, ही गोष्टदेखील ह्याच निष्कर्षास दुजोरा देते. ह्या व अशा पुराव्याचा विचार करूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला की, दिवसाच्या एकंदर ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या साखरेतून मिळावी. आणि ती पाच टक्क्यांच्या आत आणल्यास अधिक बरे. दोन हजार कॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या बाबतीत ह्या पाच टक्क्यांचे वजन अवघे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चहाचे चमचे, इतकेच भरते.

हा हिशेब आता आमच्या घरास लावून पाहू. सकाळी उठल्याबरोबर साखरेचा चहा व त्यात बुडविलेले बिस्कीट. शाळेस निघताना 'शक्तिवर्धक' म्हणून विकली जाणारी पूड घातलेले दूध. मधल्या सुटीत दुकानातला पाच रुपयांचा पुडा. घरी आल्यावर पुन्हा चहा आणि खारी. संध्याकाळी आजोबा फिरावयास नेतात तेव्हा एक गोळी. पाहुणा आला तर त्याच्या खिशातले चॉकलेट. आणि धाकटे भावंड असेल तर त्यास निजताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. हे चित्र अतिशयोक्तीचे आहे असे ज्यास वाटेल त्याने आपल्याच घरातील मुलाची एक दिवसाची खाण्याची टाचणवही लिहून पाहावी. दिवसात सहा-सात हल्ले झाल्यावर लाळेस डागडुजीस सवड कोठून मिळणार? त्यातही निजताना दिलेली बाटली सर्वांत घातक, कारण झोपेत लाळ फार थोडी सुटते व गोड दूध रात्रभर दातांभोवती राहते. 'शक्तिवर्धक' पुडीविषयी बोलावयाचे तर, २०२४ च्या एप्रिलात केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानेच ऑनलाइन विक्रेत्यांस कळविले की, अशी पेये 'आरोग्यपेय' ह्या सदराखाली विकू नयेत. ज्या नावास सरकारच हरकत घेते त्या नावावर भोळ्या आईबापांनी विश्वास का ठेवावा?

येथे सुशिक्षितांच्या एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. साखर वाईट हे पटले म्हणजे कित्येक जण गूळ, मध किंवा काकवी यांकडे वळतात, आणि ही 'नैसर्गिक' असल्यामुळे अपाय नाही असे मानतात. दातांवरील जंतूंस नैसर्गिक व कृत्रिम हा भेद कळत नाही. त्यांस गोड तेवढे कळते. बाटलीतील फळांचा रसही ह्याच वर्गात पडतो. फळ दातांनी चावून खावे. त्याने गोडी मिळते, लाळ सुटते आणि सत्त्वही मिळते. उलटपक्षी, आम्ही पुरणपोळीचे किंवा संक्रांतीच्या तिळगुळाचे शत्रू आहोत असाही कोणी समज करून घेऊ नये. सणाच्या दिवशी पंक्तीत बसून खाल्लेल्या गोडाने कोणाचेही दात गेले नाहीत. दात गेले ते रोजच्या रोज, भूक नसता, हातास चाळा म्हणून खाल्लेल्या गोडाने.

आता हिरड्यांकडे वळू. कीड दुखते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते; हिरड्यांचा रोग मुकाट्याने वाढतो, आणि दात हलू लागला म्हणजेच तो कळतो. हिरड्यांचा अन्नाशी काय संबंध, हे जगाने प्रथम समुद्रावर ओळखले. लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त वाही, दात गळून पडत आणि अखेर मृत्यू येई. १७४७ साली जेम्स लिंड ह्या ब्रिटिश आरमाराच्या वैद्याने 'सॅलिसबरी' जहाजावरील १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्री व लिंबे ज्या दोघांस मिळाली ते त्वरित सुधारले. लिंबातील ते सत्त्व म्हणजे क जीवनसत्त्व, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले, आणि त्या संशोधनाबद्दल सेंट-ग्यॉर्गी यांस १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिरडी ज्या तंतूंनी दातास घट्ट धरून ठेवते ते तंतू विणण्यास हे सत्त्व लागते.

खलाशांचा तो रोग आता क्वचितच दिसतो. आज आढळणारा हिरड्यांचा रोग बहुधा दातांच्या बुडाशी साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे होतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांनी प्रयोगादाखल दात घासणे थांबविले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या हिरड्या सुजल्या व घासणे सुरू करताच पूर्ववत झाल्या. यावरून कोणी म्हणेल की, मग ब्रशच पुरे, ताटाचे काय काम? त्यास उत्तर म्हणून २००९ साली प्रसिद्ध झालेला स्वित्झर्लंडमधील प्रयोग पाहावा. त्यात दहा माणसे चार आठवडे अश्मयुगातील माणसांप्रमाणे राहिली. ब्रश नाही, पण साखरही नाही. त्यांच्या दातांवर थर वाढला, तरी हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. दहा माणसांच्या प्रयोगावर मोठी इमारत उभारू नये हे आम्हांस मान्य आहे; तथापि एवढे त्यावरून खचित दिसते की, थर किती आहे याबरोबरच शरीर त्यास कसे तोंड देते हेही पाहावे लागते, आणि शरीराचे बळ अन्नात असते. मधुमेह्यांच्या हिरड्या अधिक बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे मधुमेह आवरणे कठीण जाते, हे तर आता वैद्यांस चांगलेच ठाऊक आहे.

हे अन्न परदेशातून आणावयाचे आहे काय? मुळीच नाही. कुन्नूर येथे वाढून १९५८ साली हैदराबादेस गेलेल्या प्रयोगशाळेस आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. ह्या संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींत प्रौढ पुरुषास दिवसास ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, आणि दोघांसही १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे. पेरूच्या शंभर ग्रॅमांत क जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे अर्ध्या पेरूत दिवसाची बेगमी होते. आवळा तर त्याच्याही पुढे आहे. लिंबाची फोड प्रत्येक पानात असते, पण पुष्कळदा ती शोभेसाठीच राहते. ती वरणभातावर पिळावी, आणि शिजवताना न घालता वाढल्यावर पिळावी, कारण ह्या सत्त्वास उष्णता सोसत नाही. कॅल्शियमसाठी दूध-ताक चांगलेच. परंतु ज्यांस ते परवडत नाही त्यांनी नाचणीकडे पाहावे. तिच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमांच्या आसपास कॅल्शियम असते, आणि तांदूळ व गहू यांत त्याचा लहानसा अंशच. बिनसडलेल्या तिळात ते शंभर ग्रॅमांस हजाराहून अधिक असते. तिळाची चटणी ही गरिबाची दुधाची वाटीच होय. शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, डाळी, शेंगदाणे, अंडी ही सर्व आमच्याच मातीतील व पाण्यातील संपत्ती आहे. नाचणीची भाकरी मागासलेपणाची खूण म्हणून आम्ही ताटातून घालविली, आणि तीच आता शहरात रंगीत पुड्यात, दामदुप्पट किमतीस, साखर घालून परत येत आहे, याहून विनोद तो कोणता?

परंतु ताटात काय आहे याबरोबरच ताटावर कोण केव्हा बसते, हेही पाहिले पाहिजे. आणि ज्या गोष्टीविषयी आमच्या समाजात बोलण्याचा संकोच केला जातो ती हीच. मुलाच्या दुधाच्या दातांत चुना बसण्यास आरंभ होतो तो आईच्या पोटात, सुमारे चौथ्या महिन्यात. म्हणजे मुलाच्या दातांची पहिली वीट आईच्या ताटातून येते. आणि त्या आईचे ताट कसे असते? पुरुष जेवले, मुले जेवली, सासूसासरे जेवले, मग उरलेली भाकरी व पातेल्याच्या तळाची आमटी घेऊन जी शेवटी बसते तीच पुष्कळ घरांत गरोदर असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले, हे ह्या पंक्तिभेदास शोभेसेच आहे. बाळंतपणात दात जावयाचेच, अशी समजूत करून देऊन आम्ही त्या स्त्रीची बोळवण करतो. ही समजूत खोटी आहे. पोटातील मूल आईच्या दातांतून चुना काढून घेत नाही. गरोदरपणी शरीरातील फेरफारांमुळे हिरड्या हळव्या होतात, ओकाऱ्यांतील आम्ल दातांस लागते, आणि अशा वेळी चांगले अन्न व स्वच्छता यांची अधिक गरज असता, बाळंतिणीस फळे 'थंड' म्हणून आणि पालेभाजी 'बाधेल' म्हणून वर्ज्य केली जाते. दात जातात ते बाळामुळे नव्हे, ह्या दुर्लक्षामुळे आणि ह्या वर्ज्यावर्ज्यामुळे.

ह्याच प्रकरणात मिश्रीचा समावेश होतो. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड आमच्या राज्यातील असंख्य स्त्रिया दात घासण्याचे साधन समजून बोटाने हिरड्यांवर चोळतात. सकाळी एकदा, मग दुपारी, मग भूक मारण्यासाठी, मग तिच्यावाचून चैन पडत नाही म्हणून. दात स्वच्छ होतात ह्या समजुतीने जी हिरडीवर चोळली जाते, तीच हिरडी दातापासून सोडविते, आणि तिच्यातच मुखाच्या कर्करोगाचे बीज असते. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण मिश्री घराच्या चुलीवर तयार होते, तिला कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आईस मुलीने आणि सासूस सुनेने समजावून सांगितले तरच ती सुटेल. आणि जी स्त्री भूक मारण्यासाठी मिश्री लावते तिला उपदेशाबरोबर भाकरीही दिली पाहिजे, हे सांगावयास नको.

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, दुधाचे दात पडावयाचेच आहेत, त्यांची एवढी काळजी कशास? दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत राहते. ती आधी गेली तर मागून येणाऱ्या दातांची जागा मोडते, मूल एका बाजूने चावते किंवा चावतच नाही, मऊ व गोड तेवढेच खाते, आणि पुन्हा कीड वाढते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते, आणि दुधाचीच समजून तिची हयगय होते. दुसरा आक्षेप असा की, आमचे आजेपणजे गूळ खात, तरी त्यांचे दात साठ वर्षे टिकले. ज्यांचे टिकले त्यांचीच आठवण राहते, हे एक. आणि ते गूळ खात तो जेवणात किंवा उन्हातून आल्यावर पाण्याबरोबर, दिवसातून एकदोनदा. त्यांच्या खिशात बिस्किटाचा पुडा नव्हता, हे दुसरे. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. गरिबाने हे सर्व आणावे कोठून? ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून सहकुटुंब निघालेल्या मजुराच्या मुलास पहाटे थंडीत फडावर पेरू व ताक कोण देणार? त्याच्या हाती चहा व बिस्कीटच येणार, कारण ते स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि रडणे थांबविते. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आणि म्हणूनच हा विषय घरातील उपदेशाने संपत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर साखरेने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास पैसा, शाळा व राजकीय बळ दिले. हे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु जो प्रांत साखर पिकवून श्रीमंत झाला त्याने आपल्या मुलांचे दात त्या साखरेपासून राखण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे. त्यासाठी नवे काही शोधावयाचे नाही. शाळेतील माध्यान्ह भोजन ही योजना चालू आहेच. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने त्यात आठवड्यातून एक दिवस अंडे, व अंडे न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. आणि २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठी व साखरेसाठी वेगळा निधी देण्याचे थांबवून तो भार लोकवर्गणीवर टाकला. साखर गेली याचे आम्हांस दुःख नाही. पण अंडे गेले ही हानी आहे. ज्यांस अंडे वर्ज्य असेल त्यांनी ते खाऊ नये. त्यांस केळे, शेंगदाणे, चणे द्यावेत. परंतु काहींस वर्ज्य म्हणून सर्वांस नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? आणि ज्या गावात मजुरीसाठी निम्मी घरे ओस पडतात त्या गावाने वर्गणी करून मुलांस अंडे द्यावे, ही सूचना तर थट्टेसारखी वाटते. सरकारने हा निधी पूर्ववत द्यावा, आणि आठवड्यातून एकदा फळही द्यावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

दुसरी गोष्ट, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनी शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरांच्या आत फार साखर, मीठ व चरबी असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली आहे. हा नियम कागदावर उत्तम आहे. फाटकाबाहेर उभे राहिल्यास त्याचा मागमूस लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने टेप घेऊन पन्नास मीटर मोजावे, इतके साधे हे काम आहे. मात्र त्या गाडीवाल्याचे पोट मारावे असे आम्ही सुचवीत नाही; त्याने गोळ्यांऐवजी भाजलेले चणे, शेंगा, पेरू, काकडी विकावी, आणि शिक्षकांनी त्याचे पहिले गिऱ्हाईक व्हावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ च्या मे महिन्यात आपल्या शाळांस साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले आहे. तसे फलक जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मराठीत का असू नयेत? तिसरी गोष्ट, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ह्या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींत व कूपनलिकांत फ्लुओराइडच प्रमाणाबाहेर आहे. योग्य प्रमाणात जे दात राखते तेच पाण्यातून अति गेले म्हणजे मुलांचे दात डागाळते व पुढे हाडे वाकविते. त्या गावांस दातांविषयी व्याख्यान देण्याआधी निर्दोष पाणी दिले पाहिजे.

घराने काय करावे, हे आता थोडक्यात सांगतो. गोड खावयाचे तर जेवणाबरोबर खावे, मधल्या वेळी खाऊ नये. मधल्या भुकेस भाजलेले चणे, शेंगा, फळ किंवा भाकरीचा तुकडा द्यावा. अगदी लहान मुलांस अख्खे दाणे घशात अडकतात, त्यांस डाळ्याचे पीठ किंवा कुस्करलेले केळे द्यावे. मुलाच्या दुधात साखर घालू नये. त्यास ती गोडी आपण शिकविली नाही तर ते मागत नाही. रात्री दात घासल्यावर पाण्यावाचून काही नाही. पाहुण्याने मुलाच्या हातावर चॉकलेट ठेवण्याऐवजी पेरू ठेवावा, आणि यजमानाने त्यास कंजूष म्हणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, घरातील स्त्रीने सर्वांबरोबर, एकाच वेळी, त्याच अन्नाचे ताट घेऊन बसावे. ह्यास पैसा लागत नाही. लागतो तो पुरुषांनी रूढी सोडण्याचा थोडासा धीर.

दंतवैद्याची खुर्ची सुधारली, यंत्रे आली, कृत्रिम दात हाडात रोवण्याची कलाही आली. ह्या सुधारणांचा आम्हांस आनंद आहे. पण त्यांचा लाभ ज्यांच्या गाठीस पैसा आहे त्यांस होतो, आणि तोही दात गेल्यावर. जे बारा वर्षांचे मूल आज एका बाजूने चावत आहे त्यास पुढे कृत्रिम दात परवडतील की नाही, हे कोणी सांगावे? त्याचे स्वतःचे बत्तीस दात राखणे मात्र आज आमच्या हाती आहे. दातही आहेत आणि चणेही आहेत, असे ज्या दिवशी महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेतील मुलाविषयी म्हणता येईल, त्या दिवशी ती जुनी म्हण आम्ही आनंदाने विसरू. तो दिवस लवकर आणावयाचा की नाही, हे वाचकांनी आज रात्री आपल्या घरच्या पंक्तीकडे पाहून ठरवावे.